सोलापूरची कोरडी हवा

शेवटच्या दिवशी तरी समुद्र जरा शहाण्यासारखा वागेल, असं सुरुचीला वाटलं होतं. पण पालीचा किनारा मागे पडला, मशीनची धकधक सुरू झाली आणि होडीने अशी काही मान वर उचलली की मंदाताईंच्या मांडीवरचा स्टीलचा डबा घरंगळत थेट होडीवाल्याच्या बायकोच्या, गोदूबाईंच्या पायाशी जाऊन थांबला.

“धर गो ताय, तुझा डबा पन पवाया निंगाला,” गोदूबाई म्हणाल्या आणि स्वतःच खळखळून हसल्या.

मंदाताई हसल्या नाहीत. सुनेच्या समोरच त्यांनी झाकण घट्ट आहे की नाही ते दाबून बघितलं आणि डबा पुन्हा पदराखाली घेतला. आत ओवा होता, लसणाची सालं होती, कुटलेलं वेखंड होतं. पहिल्याच दिवशी होडीत चढताना लाट आली आणि पिशवीतली पुडी भिजून तिचा लगदा झाला, तेव्हापासून त्यांना चैन नव्हती. शेवटी काल नीरजला बसने भाईंदरच्या बाजारात पिटाळून त्यांनी सगळं सामान ताजं मागवून घेतलं होतं, पण तो परतला तोवर नात झोपून गेली होती.

“आई, आज शेवटचा दिवस,” नीरज म्हणाला. “आजच्या दिवस राहू दे ना ते.”

“शेवटचा दिवस आजाराला कळतो का?”

नीरज गप्प बसला. आईपुढे गप्प बसण्याची त्याची एक खास पद्धत होती. चष्मा काढायचा, शर्टाच्या टोकाने पुसायचा आणि परत घालेपर्यंत विषय आपोआप संपलेला असायचा.

ही सहल नीरजची. तिला तो कौतुकाने ‘आपली क्रूझ’ म्हणायचा. हाटकेशला त्यांच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहणाऱ्या हितेशभाईंनी दिवाळीत मोठ्या जहाजातून लक्षद्वीप केलं होतं आणि जिन्यात माणसं गाठून गाठून फोटो दाखवले होते. तेव्हापासून नीरजच्याही डोक्यात बोट शिरली. जहाजाचं काही जमण्यासारखं नव्हतं, पण बँकेत त्याच्या शेजारच्या टेबलावर पालीचा सुभाष होता आणि सुभाषच्या वडिलांची, बाळारामची, स्वतःची होडी होती. मे संपला की होडी वाळूवर ओढून पावसाळाभर झाकून ठेवायची. त्याआधी चार दिवस या आमच्याकडे, असं सुभाष सहज बोलून गेला आणि नीरजने ते धरून ठेवलं. रात्री बाळारामच्या घरी मुक्काम, दिवसा समुद्र.

“नीरजभाई, आप का क्रूज तो मच्छीवाला निकला,” हितेशभाई म्हणाले होते. “वास आवशे, पण मजा पण आवशे!”

सगळे हसले, सुरुचीही हसली. पण ही सहल कशासाठी आहे ते तिला पक्कं ठाऊक होतं. लहान मुलाला इंजेक्शन द्यायचं असलं की आधी हातात गोळी-बिस्कीट देतात, तसला प्रकार होता हा. परवाच्या गाडीने तिची मुलगी भाविका सोलापूरला जाणार होती. आजीबरोबर, मोठ्या काकांकडे, कायमची. ‘कायमची’ हा शब्द घरात कोणी वापरत नव्हतं. ‘दोन-तीन वर्षांचा तर प्रश्न आहे,’ असं म्हणायचे. आत्मारामभावजींनी तिथल्या शाळेत नावसुद्धा घालून ठेवलं होतं.

पाच वर्षांच्या भाविकाला धाप लागायची. गेल्या वर्षी दसऱ्याच्या सुमाराला ती सुरू झाली. आधी नुसता खोकला, मग छातीत शिट्टी वाजल्यासारखा आवाज. मंदाताई सोलापूरहून धावत आल्या, घरात पाऊल टाकलं, गॅलरीतून दिसणारी खाडीकडची ओसाड पांढुरकी जमीन बघितली आणि तिथल्या तिथे निकाल दिला. “ही हवा. दुसरं काही नाही. खारी, दमट. असल्या हवेत लोखंड टिकत नाही, पोर काय टिकणार?”

त्या दिवसापासून घराच्या खिडक्या बंद झाल्या. सुरुची बी.एस्सी. झालेली, गिरगावात चौपाटीच्या वाऱ्यावर वाढलेली. पण मुलीचा श्वास कोंडलेला ऐकला की शिक्षण कुठल्या कुठे पळतं. तिनेच जुनी लुगडी फाडून खिडक्यांच्या फटीत चिंध्या कोंबल्या. आणि रोज दिवेलागणीला मंदाताई शेगडीत निखारे फुलवायच्या, त्यावर ओवा-लसूण टाकायच्या, भाविकाला मांडीवर घेऊन डोक्यावरून पदर ओढायच्या. धुरी. पाठोपाठ डासांची उदबत्ती, कारण हाटकेशचे डास कोणाचं ऐकत नाहीत. सकाळी पोर बरी असायची, संध्याकाळी बिघडायची. डॉक्टर बदलले, औषधं बदलली. शेवटी एक डॉक्टर म्हणाले, “हवापालट करून बघा,” आणि मंदाताईंनी नीरजकडे असं बघितलं की जणू डॉक्टरची डिग्री त्यांच्याच नावावर आली.

सुरुची भांडली, नाही असं नाही. पण भांडण कशाशी करायचं? तिला कोणी वाईट आई म्हणत नव्हतं. उलट सगळे समजावत होते. समजावणाऱ्या माणसांशी भांडता भांडता माणूस थकतो, तशी ती थकली आणि एक दिवस ‘बरं’ म्हणून बसली.

आणि आता ही होडी.

पुढच्या टोकाला दोर गुंडाळून ठेवले होते. त्या ढिगावर भाविका बसली होती, तोंड उघडं टाकून वारा खात. केसांच्या मिठाने जटा झालेल्या, नाकाचा शेंडा काळा पडलेला. तिच्या कमरेला बाळारामने सुती दोरी बांधून दुसरं टोक आडव्या लाकडाला गाठवलं होतं.

“घाबरू नका वैनी,” सुकाणूवरून बाळाराम ओरडला. “होडी हाय, रिक्षा न्हाय. उलटायची न्हाय.”

“मी घाबरत नाहीये,” सुरुची म्हणाली. तिचा हात दोरीवरच होता.

ती घाबरत होती, नेहमीच घाबरायची. पण आजची भीती वेगळी होती. चार दिवस ती काहीतरी बघत होती आणि जे दिसत होतं ते स्वतःलाच सांगायला धजत नव्हती. चार दिवसांत भाविकाला एकदाही धाप लागली नव्हती. बाळारामच्या ओट्यावर, उघड्या आभाळाखाली, वाळत घातलेल्या बोंबलांच्या वासात ती झोपली. समुद्राचं पाणी नाकातोंडात गेलं. ज्या खाऱ्या दमट हवेच्या भीतीने आठ महिने घराच्या फटी बुजवल्या, ती हवा पोर चार दिवस अशी पीत होती जशी उसाच्या रसाच्या गाडीवर माणसं रस पितात.

काल रात्री जेवताना तिने विषय काढून बघितला होता.

“आई, भावू इथे खोकली नाही एकदाही.”

“कशी खोकेल? आठ महिने धुरी दिलीये. तिचा गुण आता दिसतोय.”

“उन्हाळ्यात तसंही बरं असतं गं,” नीरज म्हणाला होता.

दोघांकडेही उत्तर तयार होतं. सुरुचीकडे नुसती एक शंका होती, आणि शंकेवर कोण कोणाचं तिकीट रद्द करतं?

ऊन डोक्यावर आलं तशी बाळारामने मशीन मंद केली. किनाऱ्याच्या बाजूला उत्तनचं दीपगृह काडेपेटीतल्या काडीएवढं दिसत होतं. होडीच्या मागच्या भागात अर्ध्या कापलेल्या पत्र्याच्या डब्यात मातीची चूल केलेली होती. गोदूबाईंनी तिच्यावरून भात उतरवला आणि कोळंबीचं कालवण चढवलं.

“ये गो भावू, कोलबी खातंस ना?”

“मोठी मोठी दे,” कमरेची दोरी सोडवून घेत भाविका म्हणाली.

“आगं बया! ही तर आमचीच पोर हाय. हिला सोलापूरला कोन नेतंय? थय कोलबी न्हाय, काय न्हाय. निस्ती ज्वारी.”

“चटणी असते,” मंदाताई तुटकपणे म्हणाल्या. “आणि कोरडी हवा असते.”

जेवणं झाली. नीरज फळकुटावर आडवा झाला, तोंडावर रुमाल टाकून. दुपारचा वारा सुटला होता आणि पाण्यावर पांढऱ्या रेघा उमटायला लागल्या होत्या. बाळारामने सुरुचीला हाक मारली. उत्तरेला वसईच्या किल्ल्याची काळी पट्टी दिसत होती, ती दाखवायला. ती उठून दोन पावलं पुढे गेली. डोळ्यांवर हात धरून बघायला लागली. पाठ फिरली ती एवढ्यासाठी.

तेवढ्यात तिच्या कानांनी ओळखलं. आधी कोरडा खोकला, मग दुसरा, मग तो शिट्टीचा आवाज.

वळली तेव्हा मंदाताई चुलीपाशी मांडी घालून बसल्या होत्या. कालवणाचं भांडं खाली उतरलेलं, निखाऱ्यांवरून पिवळट धूर चढत होता आणि भाविका दिसतच नव्हती. दिसत होता फक्त पदराचा तंबू आणि त्याच्याखालून बाहेर आलेली दोन पावलं. पावलं वाळूतल्या खेकड्यासारखी धडपडत होती.

“ओढ, आत ओढ श्वास,” मंदाताई सांगत होत्या. “वारं वाढलंय. परवा गाडीत त्रास नको.”

सुरुची कशी पोचली ते तिला आठवलं नाही. तिने पदर उचलून भिरकावला, मुलीला काखेत धरून बाहेर ओढलं आणि पुढच्या टोकाला नेऊन तिचं तोंड वाऱ्याकडे केलं. भाविकाचे ओठ आवळलेले, डोळ्यांतून पाणी, खांदे वरखाली. सुरुचीने ड्रेसचं वरचं बटण सोडलं, पाठीला आपली छाती टेकवून तिला धरून ठेवलं आणि सांगत राहिली, “हळू. माझ्यासारखा घे. हळू. कोणी घाई करत नाहीये.”

बाळारामने मशीन बंदच केली. वारा तोंडावर सपासप येत होता, अगदी खारट, दमट, लोखंड खाणारा. आणि त्या वाऱ्यात हळूहळू शिट्टी बारीक झाली, मग थांबली. भाविकाने एक लांब श्वास घेतला.

“धूर नको,” ती म्हणाली.

“बघितलंत?” मंदाताईंचा आवाज मागून आला. “मी म्हणत होते. समुद्राने दुखणं काढलंच वर. आता घ्या होडी मागे.”

बाळारामने सुकाणूवर हात ठेवला आणि सवयीने नीरजकडे बघितलं. “कसं करू सायब?”

नीरज उठून बसला होता. त्याचा हात चष्म्याकडे गेला.

“चष्मा राहू दे, नीरज,” सुरुची म्हणाली.

सगळ्यांनीच चमकून बघितलं. सासूसमोर ती नवऱ्याला नेहमी ‘अहो’ म्हणायची. लग्नाला सात वर्षं झाली, पण हा नेम तिने चुकवला नव्हता.

“इकडे बघ. माझ्याकडे. पोर चार दिवस या हवेत होती. काही झालं नाही. धुराखाली घेतली आणि पाच मिनिटांत धाप लागली. धुरातून काढली आणि थांबली. तू होतास इथे. बघितलंस की नाही?”

“माझा जरा डोळा लागला होता...”

“मग आता उघडे आहेत ना डोळे? आठ महिने आपण घर बंद करून तिला धुरात ठेवलं. मी चिंध्या कोंबल्या, मी! संध्याकाळी बिघडायची, तेव्हाच कळायला पाहिजे होतं.”

“म्हणजे मी बिघडवली तिला?” मंदाताई उभ्या राहिल्या. होडी हलली, त्या डगमगल्या, गोदूबाईंनी दंड धरला. तो हात त्यांनी झटकला. “दोन पोरं वाढवली मी या धुरीवर. हा तुझा नवरा, आणि आत्माराम. मधला एक होता माझा. दीड वर्षाचा. छाती भरली त्याची. सासूबाई बाहेरगावी होत्या, मला काही येत नव्हतं, नुसती बघत बसले. धुरी द्यायला कोणी नव्हतं म्हणून गेला तो. कळलं?”

नीरजने आईकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की हे तोही पहिल्यांदाच ऐकतोय.

क्षणभर सुरुचीला वाटलं, जाऊ दे. या बाईच्या पाठीमागे केवढं मोठं भय उभं आहे, त्याच्यापुढे आपण काय बोलणार! ‘बरं’ हा शब्द पुन्हा ओठांपर्यंत आला. भाविकाच्या पाठीची हाडं तिच्या छातीला लागत होती, वर-खाली, वर-खाली.

“आई,” ती म्हणाली, “तुमचं बाळ गेलं त्याचं मला वाईट वाटतंय. खरंच वाटतंय. पण भावू जाणार नाही.”

“कुठे?”

“सोलापूरला. परवा नाही, नंतर नाही.”

“आणि उद्या पुन्हा छाती भरली तर? तुझी शंका खोटी निघाली तर? शाळेतलं नाव, तिकीट, सगळं...”

“निघू दे खोटी.”

“म्हणजे?”

“म्हणजे धुराने होत असेल, हवेने होत असेल, आणखी कशाने होत असेल. मी शोधून काढीन. नाही सापडलं तर पुन्हा शोधीन. पण धाप लागली तर माझ्या मांडीवर लागेल. सोलापुरात धाप लागली की इथे मला तार येणार, आणि मी काय करणार, तार वाचत बसणार?”

गोदूबाई तोंडाला पदर लावून बसल्या होत्या. त्या हसत होत्या की काय ते कळत नव्हतं. बाळाराम पाण्याकडे बघत होता, दुसऱ्याच्या घरात चुकून शिरल्यासारखा.

“अहो, घरी जाऊन शांतपणे बोलू ना,” नीरज म्हणाला. बायकोने ‘अहो’ सोडलं होतं ते जणू त्याने उचललं होतं.

“घरी जाऊन नाही. घरी गेलं की खिडक्या लावायच्या, चहा टाकायचा आणि शांतपणे मला समजवायचं. आठ महिने तेच चाललंय. इथेच सांग. मी ऐकतेय, तुझी आई ऐकतेय, काका-मावशी ऐकतायत. मुलगी जाणार का राहणार?”

नीरजने आईकडे बघितलं, मग मुलीकडे. भाविका आपल्याबद्दल चाललंय हे ओळखून अगदी स्थिर बसली होती, फोटो काढताना बसवतात तशी.

“मला शाळेत इथेच जायचंय,” ती म्हणाली. “सोलापूरच्या शाळेत बाई कोण आहे मला माहीत नाही.”

मग नीरजने घसा साफ केला. “तिकीट... उद्या स्टेशनवर जावं लागेल,” तो म्हणाला. “एक रद्द करायला.” आणि आईची नजर चुकवून तो पत्र्याच्या चुलीतले निखारे बघत बसला. मोठं वाक्य नव्हतं, पण सात वर्षांत आईसमोर त्याने बोललेलं ते सगळ्यात ठाम वाक्य होतं. सुरुचीने ते पुरेसं मानलं.

“दोन,” मंदाताई म्हणाल्या.

“काय?”

“दोन रद्द कर. मीही नाही जात. राहते आणि बघते. येऊ दे पावसाळा. भिंतींना ओल येऊ दे, कपडे वाळायचे बंद होऊ देत, मग बघते हिची मोकळी हवा.”

“राहा ना,” सुरुची म्हणाली. “तुम्हाला जा कोण म्हणालं? पण शेगडी पेटणार नाही माझ्या घरात.”

“तुझ्या घरात?”

“माझ्या.”

नीरजने तोंड उघडलं. दोघी एकदम त्याच्याकडे वळल्या. त्याने ते मिटलं.

“सायब,” गोदूबाई म्हणाल्या, “थोडा भात उरलाय, खावा. ह्या भानगडीत तुमचा काय काम न्हाय.”

बाळाराम खाकरला. “आता तरी कोन सांगल का? फिरवू होडी? का र्‍हाऊ देऊ?”

“मागे घ्या,” मंदाताई म्हणाल्या.

“पुढे घ्या काका,” सुरुची म्हणाली. “आमची सुट्टी संध्याकाळपर्यंत आहे.”

बाळारामने या वेळी नीरजकडे बघितलं नाही. मशीन सुरू केली आणि होडी पुढे काढली. मंदाताई किनाऱ्याकडे तोंड करून बसल्या, सुरुची समुद्राकडे. दोघींच्या मधे नीरज भात खात होता. भाविका दोन्हीकडे जाऊन आली, आजीला तिने विचारलं, “रागावलीस?” आजी म्हणाली, “नाही.” “मग तोंड तसं का?” “ऊन लागतंय,” आजी म्हणाली आणि तिला जवळ ओढून तिच्या पाठीला कान लावला. बराच वेळ लावून ठेवला. सुरुची ते बघत होती.

ऊन कलल्यावर पालीच्या किनाऱ्याला होडी लागली ती गुडघाभर पाण्यात. बाळारामने आधी स्वतः उडी मारली आणि मुलीला घ्यायला हात पुढे केले. सुरुचीने सलवार गुडघ्यापर्यंत खोचली, भाविकाला कडेवर घेतलं आणि सरळ पाण्यात उतरली. पायाखाली वाळू सरकली, एक लाट कमरेपर्यंत चढली, खारं पाणी दोघींच्या तोंडावर उडालं आणि भाविका खोकली.

“बघ!” मंदाताई होडीवरून ओरडल्या. “बघ, खोकतेय!”

“खोकू दे,” सुरुची मागे न वळता म्हणाली. “माझ्याजवळ खोकतेय ना.” आणि ती चालत राहिली.